बोटाएवढी माणसे

चित्रकलेच्या तासाला तुम्ही बाजाराचे किंवा जत्रेचे चित्र कधीतरी काढले असेल. दुकाने जमतात, झाडे जमतात. पण माणसे रंगवायला घेतली की पंचाईत होते. माणूस जेमतेम बोटाएवढा आणि त्याचा चेहरा शेंगदाण्याएवढा. एवढ्याशा जागेत डोळे, नाक, मिशी काढायला जावे, तर रंग पसरतो आणि चेहऱ्याच्या जागी नुसता डाग उरतो. मग आपण म्हणतो, "माझा हातच चांगला नाही."

मीही असेच म्हणत असे. आठवीत असताना मी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेची तयारी करत होतो. स्मरणचित्रातील चेहरे हमखास बिघडत. कुंचला जाड आहे म्हणून असे होते, असे मला वाटले. मी ब्लेड घेतले आणि कुंचल्याचे केस कापून टाकले. फक्त चार-पाच ठेवले. आता रेघ अगदी बारीक येईल, अशी माझी खात्री होती. पण झाले उलटेच. रेघ थोडी पुढे गेली की तुटू लागली. दुसऱ्या दिवशी मी भीत भीत तो कुंचला सरांना दाखवला. सर रागावले नाहीत. ते म्हणाले, "अरे, तू कुंचल्याचे पोटच कापलेस. आता तो पाणी कुठे साठवणार? तुझा हात वाईट नाही, तुझी पद्धत चुकते आहे."

सरांचे ते शब्द मी विसरलो नाही. लहान आकृती रंगवण्याची ही पद्धत कोणती, ते आता पाहू.

ही कला आपल्या देशात चारशे वर्षांपूर्वीच फार पुढे गेली होती. पुस्तकाच्या पानावर मावणाऱ्या लहान चित्रांना लघुचित्रे म्हणतात. बादशहा हुमायूनने मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या दोन इराणी उस्तादांना आपल्या पदरी ठेवले. पुढे अकबराच्या चित्रशाळेत हिंदू आणि मुसलमान चित्रकार एकत्र बसून काम करू लागले. दसवंत आणि बसावन ही त्यांतील दोन मोठी नावे. दख्खनमध्येही ही कला होती. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची स्तुती करणारे 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे सचित्र फारसी हस्तलिखित सोळाव्या शतकात तयार झाले. ते आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपून ठेवले आहे.

अकबराच्या चित्रशाळेत एकेका चित्रावर अनेकदा दोघे-तिघे काम करत. एक जण चित्राची मांडणी करी. तिला 'तरह' म्हणत. मराठीतील 'तऱ्हा' हा शब्द याच घरातला आहे. दुसरा रंग भरी. त्या कामाला 'अमल' म्हणत. चेहरे काढण्याचे काम पुष्कळदा तिसऱ्याच उस्तादाकडे असे. तुम्हांला उर्दू येते, म्हणून हे शब्द परके वाटणार नाहीत. चेहऱ्यासाठी वेगळा माणूस नेमत, यावरून ते काम किती नाजूक मानले जाई, हे ध्यानात येते.

आता कामाला लागू. सुरुवात कागदापासून करायची. जुने चित्रकार कागदाचे अनेक थर खळीने एकमेकांवर चिकटवून जाड कागद तयार करत. त्याला 'वसली' म्हणतात. तो वाळला की अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटत. घोटल्यामुळे कागदाचे तंतू खाली दबतात. मग रंग पसरत नाही आणि रेघ स्वच्छ उमटते. तुम्ही जाड ड्रॉइंग पेपर घ्या. त्यावर एक साधा कागद ठेवा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने हलक्या हाताने घोटा. एवढ्यानेही फरक दिसेल.

नंतर कुंचला. जुने कुंचले खारीच्या शेपटीच्या केसांचे असत. तो केस टोकाकडे आपोआप निमुळता होतो. कुंचल्याचे पोट पाणी धरते आणि टोक बारीक रेघ काढते. माझ्या कापलेल्या कुंचल्याला पोटच नव्हते, म्हणून रेघ तुटत होती. आज यासाठी खारीला त्रास देण्याची काहीच गरज नाही. दुकानात नायलॉनचे गोल कुंचले मिळतात. शून्य किंवा एक नंबरचा घ्या. पाण्यात बुडवून झटका आणि त्याचे सगळे केस एका टोकाला येतात का, ते पाहा. कुंचला पाण्यात उभा करून ठेवू नका. त्याचे टोक वाकते. टोक आणण्यासाठी तो तोंडातही घालू नका. जुन्या रंगांत हिंगूळ, हरताळ असे विषारी पदार्थ असत. आपल्या पेटीतले रंगदेखील खाण्यासाठी नसतात.

आता आकृती काढा. आधी फिकट रेघेने खाका काढा. जुने चित्रकार खाक्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात देत. त्यातून खालची रेघ पुसट दिसे. मग तीच रेघ ते पुन्हा पक्की करत. त्यामुळे पहिली चूक सुधारण्याची संधी मिळे. उस्तादसुद्धा आपली रेघ सुधारून घेत, हे विसरू नका.

रंग भरताना क्रम पाळा. आधी मागची भिंत, जमीन आणि आकाश, मग कपडे, चेहरा सर्वांत शेवटी. रंग पातळ असावा. एकाच वेळी जाड थर देऊ नका. पातळ थर द्या, तो पूर्ण वाळू द्या, मग दुसरा द्या. खालचा थर ओला असताना त्यावर कुंचला फिरवला, तर दोन्ही रंग मिसळतात आणि चिखल होतो. आपले बहुतेक चेहरे बिघडतात ते याच घाईमुळे. जुने चित्रकार तर मध्येच चित्र पालथे घालून मागून घोटत. त्यामुळे रंग कागदावर पक्का बसे.

चेहऱ्यासाठी आधी त्वचेचा एकच मध्यम रंग सपाट लावा. तो वाळला की थोडा गडद रंग घेऊन हनुवटीखाली आणि नाकाच्या कडेला अगदी बारीक ठिपके द्या. ठिपक्यांच्या या कामाला 'परदाज' म्हणतात. दुरून ते ठिपके दिसत नाहीत. फक्त गालाची गोलाई दिसते. कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर किंचित उजळ रंग द्या. शेवटी डोळे आणि भुवया काढा. काळ्याऐवजी गडद तपकिरी रंग वापरा. चेहरा कठोर दिसणार नाही.

ही छायाप्रकाशाची रीत आपल्याकडच्या चित्रकारांनी बरीचशी इतरांकडून शिकून घेतली. 1580 साली गोव्याहून ख्रिस्ती धर्मगुरू फतेहपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी आले. त्यांनी आणलेल्या ग्रंथांत युरोपातील छापील चित्रे होती. दरबारी चित्रकारांनी ती बारकाईने पाहिली आणि त्यांतून जे उपयोगी वाटले, ते आपल्या पद्धतीत मिसळले. "आम्हांला सगळे येते," असे म्हणून ते बसले नाहीत. म्हणूनच त्यांची कला वाढली.

या कामाची पारख करणारेही तसेच होते. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, एकाच चित्रातील वेगवेगळे चेहरे वेगवेगळ्या चित्रकारांनी काढले असतील, तर कोणता कोणाचा, हे तो ओळखू शके. इतकेच काय, एखाद्या चेहऱ्याचे डोळे आणि भुवया दुसऱ्या कोणी काढल्या असतील, तर तेही त्याला कळे.

कधी मुंबईला गेलात, तर छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातील लघुचित्रे अवश्य पाहा. घाईने पुढे जाऊ नका. एकाच चित्रासमोर पाच मिनिटे उभे राहा आणि त्यातील सर्वांत लहान माणूस शोधा. त्याचाही चेहरा काळजीने रंगवलेला दिसेल.

माझा तो कापलेला कुंचला अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. एखादा विद्यार्थी "सर, माझा हातच चांगला नाही," असे म्हणाला की मी त्याला तो दाखवतो. मग त्याच्या चित्राला बोट लावून विचारतो, "हा थर वाळला आहे का?" बहुतेक वेळा तो ओलाच असतो. मी म्हणतो, "मग थोडा थांब. नंतर चेहरा काढ."

स्वाध्याय

1. लेखकाच्या कापलेल्या कुंचल्याची रेघ का तुटत होती?
2. कागद घोटल्याने कोणते फायदे होतात?
3. 'तरह', 'अमल' आणि 'परदाज' म्हणजे काय, ते आपल्या शब्दांत सांगा.
4. चेहरा सर्वांत शेवटी का रंगवावा, असे तुम्हांला वाटते?
5. घाई केल्यामुळे तुमचे एखादे काम बिघडले असेल, तर त्याविषयी आठ ओळी लिहा.