जर्मन घरातलं एक वर्ष

फ्रायबुर्गला मी ओ-पेअर म्हणून, म्हणजे घरातच राहून मुलं सांभाळायला, एका कुटुंबात राहिले. मुलांना किंडरगार्टनमधून आणायचं, डबा भरायचा, त्यांच्या कपड्यांच्या घड्या घालायच्या. धाकटीला माझी मराठी अंगाई लागायची. तिच्यामुळेच माझं जर्मन सुधारलं, वर्गामुळे कमी.

जर्मनीत ओ-पेअरसाठीचे नियम स्पष्ट आहेत. अर्ज करताना वय 27च्या आत, ए-1 पातळीचं जर्मन, मुदत फार तर एक वर्ष. काम आठवड्याला जास्तीत जास्त 30 तास. महिन्याला 280 युरो हातखर्च, भाषावर्गासाठी 70 युरो वेगळे. राहणं, जेवण, विमा यजमानांकडे.

तरी काही घरं मुलीला मोलकरीणच समजतात, याचा मला संताप येतो. आजारी आजीची शुश्रूषा, अख्ख्या घराची सफाई तुमच्याकडे नाही. निघण्याआधी करार ओळ न्‌ ओळ वाचा, सुट्टीचा दिवस त्यात लिहून घ्या.