कॅसेटमध्ये गाणे कसे भरले जाते?

घरातले जुने कपाट आवरताना तुम्हाला एखादी कॅसेट सापडली असेल. कधी कधी तिच्यावर छापील नाव नसते; कुणीतरी बारीक अक्षरात गाण्यांची यादी लिहिलेली असते. १९८० च्या दशकात अशा कॅसेटी घरोघरी भरल्या जात. लग्न ठरलेला एखादा तरुण नोकरीच्या गावाहून आपल्या वाग्दत्त वधूला पत्राबरोबर अशी कॅसेट धाडी. त्या कॅसेटमध्ये गाणे ‘भरले’ म्हणजे नेमके काय केले, ते आज पाहू.

ही छोटी कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात प्रथम मांडली. तिच्यातील फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते. प्लॅस्टिकच्या या फितीवर साधारणपणे लोहाच्या ऑक्साइडच्या सूक्ष्म, सुईसारख्या कणांचा लेप असतो. प्रत्येक कण म्हणजे एक चिमुकला लोहचुंबकच!

टेपरेकॉर्डरच्या ‘हेड’मध्ये चुंबकीय पदार्थाचे एक कडे असते. त्यावर तारेचे वेटोळे असते आणि कड्याला एके ठिकाणी अतिशय अरुंद फट असते. आवाजानुसार बदलणारा विद्युत्प्रवाह वेटोळ्यातून गेला, की फटीपाशी तसेच बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. फीत तेथून सरकत असते. त्यामुळे ज्या क्षणी जसे क्षेत्र असेल, तसे तिच्यावरील कण चुंबकित होतात आणि फीत पुढे गेल्यावरही तसेच राहतात. गाणे ऐकताना क्रिया उलटी होते. चुंबकित फीत हेडवरून सरकली, की वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्यात विद्युत्प्रवाह निर्माण होतो. फॅरेडेने १८३१ साली शोधलेले विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन ते हेच.

आता थोडे गणित करू. फितीचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर असतो. १००० हर्ट्झ कंप्रतेच्या स्वराची १००० कंपने एका सेकंदात होतात, म्हणून एका कंपनाच्या वाट्याला फितीवर जेमतेम ०.०४८ मिलिमीटर जागा येते. १०,००० हर्ट्झला तर तिचाही दहावा भाग! हेडची फट याहून अरुंद नसेल, तर कंपनाचे दोन्ही अर्धे भाग एकाच वेळी फटीत येऊन एकमेकांना रद्द करतील. म्हणूनच ही फट मिलिमीटरच्या एक-दोन सहस्रांश एवढीच ठेवतात. हेडवर धूळ बसली, की आधी बारीक, तीव्र स्वर का हरवतात, हे आता तुमच्या ध्यानात येईल.

साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटे, म्हणजे १८०० सेकंद चालते. १८०० ला ४.७६ ने गुणा. फितीची लांबी सुमारे ८६ मीटर निघते. आपल्या तरुणाने एका बाजूवर चार-चार मिनिटांची सात गाणी बसवली असे समजा. आठवे गाणे घेतले, तर ते मध्येच तुटेल. उरली दोन मिनिटे. तेथे त्याने आपल्याच आवाजात चार शब्द बोलून ठेवले, तर ते किती फितीवर मावतील? १२० गुणिले ४.७६, म्हणजे ५ मीटर ७१ सेंटिमीटर.

या दोन भागांत एक महत्त्वाचा फरक आहे. गाणी बहुधा दुसऱ्या कॅसेटवरून उतरवलेली असत. फितीवरील कण सर्वत्र सारखे पसरलेले नसतात, त्यामुळे प्रत्येक फीत स्वतःची अशी मंद सळसळ करते. उतरवलेल्या गाण्यात जुन्या फितीची सळसळ येतेच, शिवाय नवीची भर पडते. नकलेची नक्कल काढत गेलो, तर सळसळ वाढतच जाते. आज ती गाणी याहून स्वच्छ रूपात मिळतीलही, पण पावणेसहा मीटरवरील ते बोलणे मात्र जगात दुसरीकडे कोठेही नाही.

म्हणून अशी कॅसेट हाती लागली, तर तिच्यापाशी चुंबक नेऊ नका. तिच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन लहान तुकडे असतात. मोठ्यांना विचारून ते मोडून टाका, म्हणजे चुकून नवे ध्वनिमुद्रण होऊन जुने पुसले जाणार नाही. फीत सैल असेल, तर चक्रात षट्कोनी पेन्सिल घालून हलकेच घट्ट करा. पावसाळी दमट हवेत फितीला बुरशी येते आणि लेप धरून ठेवणारे चिकटद्रव्यही वर्षानुवर्षे खराब होत जाते. बुरशी दिसली, तर कॅसेट यंत्रात घालू नका, जाणकाराला दाखवा. फीत चांगली असेल, तर हेड पुसून घ्या, इअरफोनच्या छिद्रातून तार संगणकाला जोडा आणि कॅसेट एकदा सबंध वाजवून उतरवून घ्या. दोन्ही बाजूंना मिळून पूर्ण एक तास लागेल. भरणाऱ्यालाही निदान तेवढाच लागला होता. मात्र वाजवण्यापूर्वी ज्यांची ती कॅसेट आहे, त्यांची परवानगी घ्यायला विसरू नका!