देशी मालाची सरकारी खरेदी: दर तोच, प्रश्न पडताळणीचा

‘देशी मालाला प्राधान्य म्हणजे सरकार जादा पैसे मोजणार.’ सरकारी खरेदीबद्दलचा हा सर्वांत चिवट गैरसमज. केंद्राचा २०१७ चा ‘मेक इन इंडिया’ प्राधान्य आदेश २०२० मध्ये कडक झाला, तरी त्यात जादा दराची तरतूद नाही.

समजा, एका खात्याला १,००० पंप हवेत. सर्वांत कमी दराच्या, म्हणजे ‘एल-वन’ ठरलेल्या कंपनीच्या पंपात देशी वाटा ३० टक्के आहे आणि दर १०,००० रुपये. दुसऱ्या कंपनीचा देशी वाटा ६० टक्के, दर ११,५००. ५०० पंपांची ऑर्डर एल-वनला जाते. उरलेल्या ५०० साठी दुसरीला विचारतात, १०,००० मध्ये देता का? ती तयार झाली तरच काम मिळतं. नाही म्हणाली तर पुढच्या पात्र देशी पुरवठादाराला विचारतात, आणि कुणीच तयार नसेल तर उरलेली ऑर्डरही एल-वनला देता येते. देशी कंपनीचा दर एल-वनपेक्षा २० टक्क्यांहून जास्त असेल, तर तिला विचारतही नाहीत.

दर चढण्याची भीती वेगळ्या ठिकाणी आहे. एखाद्या वस्तूची पुरेशी उत्पादनक्षमता आणि स्पर्धा देशात आहे असं मंत्रालयानं जाहीर केलं, की ५० टक्के किंवा जास्त देशी वाटा असणाऱ्या, म्हणजे पहिल्या वर्गातल्या पुरवठादारांनाच निविदा भरता येते. ही घोषणा घाईनं झाली, तर मोजकेच बोलीदार उरतात आणि भुर्दंड करदात्याला बसतो.

‘देशी’ म्हणजे भारतीय मालकीची कंपनी, हेही खरं नाही. मोजलं जातं ते भारतात तयार झालेलं मूल्य. चाकणला कारखाना चालवणारी परदेशी कंपनी पहिल्या वर्गात बसू शकते. तयार माल आयात करून विकणारा मुंबईचा व्यापारी बसत नाही. वाहतूक, विमा, जोडणी, देखभाल यांचे पैसे मिळवून आयात मालाचा देशी वाटा फुगवताही येत नाही.

जागतिक व्यापार संघटनेला हे चालत नाही, असंही बोललं जातं. सरकार स्वतःच्या वापरासाठी जे विकत घेतं, त्याला ‘गॅट’ करारातच सवलत आहे. संघटनेच्या सरकारी खरेदी करारात तर भारत सदस्य नाही, २०१० पासून निरीक्षक आहे. मात्र २०१६ मध्ये राष्ट्रीय सौर मिशनच्या प्रकरणात अमेरिकेविरुद्ध आपण हरलो, आणि कारण शिकण्यासारखं आहे: देशी सौरसेलची सक्ती वीजप्रकल्पांवर होती, सरकार विकत घेत होतं ती वीज. ज्या अमेरिकेनं तक्रार केली, तिचा ‘बाय अमेरिकन’ कायदा १९३३ चा.

खरी कच्ची बाजू पडताळणीची. १० कोटींपर्यंतच्या खरेदीत पुरवठादाराचं स्वयंघोषणापत्र चालतं. त्यापुढे लेखापरीक्षकाचं प्रमाणपत्र लागतं. खोटं उघड झालं तर दोन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. पण ते उघड व्हायचं, तर पंपाची मोटर कुठून आली हे आयातीची बिलं मागवून तपासणारा जाणकार माणूस खरेदी विभागात हवा, आणि नकार देण्याचा अधिकारही त्याला हवा.