टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत सरांचे नाव आले, म्हणजे नेमके काय झाले?

दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास सातारा-सांगलीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक बातमी फिरू लागते. अमुक कॉलेजचे सर ‘जगातील टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांत’. फोटो, पुष्पगुच्छ, मुबारकबादचे मेसेज. त्यात आपल्या समाजातले एखादे नाव असले की आनंद दुप्पट होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण एम.एस्सी. झालेल्या मुलीचे अब्बा जेव्हा विचारतात, “मग पीएच.डी.ला याच सरांकडे पाठवू का?”, तेव्हा ही यादी बनते कशी हे माहीत असावे लागते. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप 2022-23 पासून बंद झाली. पीएच.डी.ची चार-पाच वर्षे बऱ्याच घरांना खिशातून काढावी लागतात. गाइड चुकला तर ते परवडत नाही.

सगळ्याचे मूळ सायटेशन. एका संशोधकाने आपल्या पेपरमध्ये दुसऱ्याच्या पेपरचा संदर्भ दिला की दुसऱ्याच्या खात्यात एक सायटेशन जमा होते. अमेरिकेत युजीन गारफिल्ड यांनी 1960 च्या दशकात याची पद्धतशीर सूची सुरू केली. आज हीच मोजणी स्कोपस आणि गूगल स्कॉलर करतात.

आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांचे विद्यापीठ म्हणजे 1962 चे शिवाजी विद्यापीठ. (साताऱ्यात 2021 पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही आहे.) शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातून 2004 मध्ये एच. एम. पठाण आणि सी. डी. लोखंडे या दोघांनी एक लेख लिहिला. विषय होता ‘सिलार’ पद्धत. काचेची पट्टी आधी धातूच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, पाण्यात धुवायची, मग सल्फाइडसारख्या दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची. असे फेरे करत गेले की काचेवर अतिशय पातळ थर चढत जातो. सोलर सेलसारख्या कामांना असे थर लागतात. कोट्यवधींचे मशीन नको, बीकर आणि चिकाटी पुरते.

हा लेख परदेशी जर्नलमध्ये नव्हे, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’मध्ये छापून आला. आज त्याची सायटेशन्स हजाराच्या पुढे आहेत. का? कारण कमी पैशात काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांना तो उपयोगी पडला. दुसरे कारणही सांगायला हवे. तो आढावा घेणारा लेख आहे, आणि अशा लेखांना सायटेशन्स नेहमीच जास्त मिळतात. ही पद्धत मुळात त्यांनी शोधलेली नाही. ती 1985 मध्ये निकोलाऊ यांनी मांडली होती. विखुरलेले काम एका जागी आणून इतरांना वापरता येईल असे करणे, हीसुद्धा मोठी सेवा आहे. फक्त आकडा बघून हा फरक कळत नाही.

मग एच-इंडेक्स आला. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो 2005 मध्ये सुचवला. समजा एखाद्याचे पाच पेपर आहेत आणि त्यांची सायटेशन्स 40, 12, 6, 4, 1 आहेत. चार पेपरना किमान चार-चार सायटेशन्स आहेत, म्हणून एच-इंडेक्स 4. आणि एकच पेपर, पण त्याला हजार सायटेशन्स? एच-इंडेक्स फक्त 1! तरुण संशोधकाचा हा आकडा लहान असणारच, त्यात कमीपणा नाही.

खरी गंमत सहलेखकांची. हिग्ज कणाच्या वस्तुमानावर 2015 मध्ये आलेल्या एका पेपरला 5,154 लेखक होते. पानांपेक्षा नावांचीच गर्दी! म्हणून दोन टक्क्यांची यादी बनवताना स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि सहकारी सहलेखकांची संख्या हिशोबात घेतात. शिवाय एकट्याने लिहिलेला पेपर, पहिले नाव, शेवटचे नाव यांना वेगळे वजन देतात. आपल्याकडे विज्ञानात पहिले नाव बहुतेक प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे गाइडचे असते. सहकार्य वाईट नाही. कोल्हापूरच्या थिन फिल्मवाल्या मंडळींचे दक्षिण कोरियातील प्रयोगशाळांशी वर्षानुवर्षे एकत्र काम आहे, त्यातून मुलांना बाहेरच्या वाटा मिळाल्या. पण प्रत्येक पेपरमध्ये वीस नावांत मधोमध एकच नाव दिसत असेल, तर त्या माणसाने नेमके केले काय, हे विचारायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट बातमीत सुटते. याद्या दोन असतात: एक संपूर्ण कारकिर्दीची, दुसरी फक्त एका वर्षाची. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन्स वगळून काय उरते, तेही त्यात वेगळे दाखवलेले असते. आणि हा कुठला पुरस्कार नाही. स्कोपसच्या आकड्यांवरून काढलेला तो हिशोब आहे.

त्या हिशोबात मराठी जवळजवळ नाहीच. संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण, किंवा मुस्लिम समाजावर आयुष्यभर लिहिणारे सोलापूरचे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांचे मराठी काम स्कोपसवर शोधून पाहा, हाती फारसे काही लागणार नाही. त्यांचा प्रभाव नव्हता असे कोण म्हणेल?

उलट बाजूला, पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स. विद्यापीठांच्या शिफारशीने यूजीसीच्या यादीत आलेल्या 1,009 जर्नल्सची पुण्याच्या अभ्यासकांनी तपासणी केली, ती 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आली. 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. त्यानंतर यूजीसी-केअर यादी आली, तीही 2025 मध्ये बंद झाली. पीएच.डी.साठी पेपर छापणे 2022 च्या नियमांपासून यूजीसीकडून सक्तीचे राहिलेले नाही. तेव्हा ‘एवढे भरा, पेपर छापून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

तर त्या अब्बांना काय सांगायचे? गूगल स्कॉलरवर सरांचे प्रोफाइल उघडा. सायटेशनच्या आकड्यावर क्लिक केले की कोण संदर्भ देतेय ते दिसते. बाहेरचे लोक आहेत, की तीच चार नावे फिरून फिरून येतात? मग शोधगंगा या मोफत संकेतस्थळावर गाइडचे नाव टाका, त्यांच्या हाताखाली पूर्ण झालेले प्रबंध मिळतात. त्यातल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठून सरळ विचारा: प्रबंधाला किती वर्षे लागली, सर भेटायचे का, आणि पेपरवर तुमचे नाव पहिले होते का?