हिंवाळ्यांतील उन्हाचा रोजमेळ

पावसाचे इंच व बाजारांतील भाव आपले शेतकरी बंधु तोंडपाठ ठेवतात. परंतु घराच्या गच्चीवर जें ऊन आपण कामाला लावलें आहे, त्याचा हिशेब क्वचितच कोणी ठेवतो. २०२४ सालीं केंद्र सरकारची सूर्यघर योजना निघाल्यापासून खेड्यांतहि पॅनेल पुष्कळ दिसूं लागलीं. त्यांबरोबर हिंवाळ्यांतील कुरकुरहि वाढली. या कुरकुरीचा आमच्या घरीं काय निकाल लागला, तो वाचकांपुढें ठेवितों.

आमचें घर जुन्नर तालुक्यांत आहे. गच्चीवर १०० लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सौर बंब व ३ किलोवॅटचीं पॅनेल आहेत. गेल्या पौषांत स्नानास पाणी कोमट येऊं लागलें व विजेचीं युनिटेंहि घटलीं. बंब बसविणाऱ्या इसमानें सांगितलें कीं, विजेची कॉइल बसवा आणि नैर्ऋत्येचा कडुलिंब तोडा. थोरले चिरंजीव लाकूडतोड्यास सांगूनहि आले. तो लिंब आमच्या तीर्थरूपांनीं लाविलेला. आम्ही म्हणालों, "एक महिना थांबा. महसुलांत तीस वर्षें कारकुनी केली. पंचनाम्यावांचून झाड तोडणें आम्हांस ठाऊक नाहीं."

मग एका वहींत रकाने आंखले : तारीख, आकाश, बंबांत जाणाऱ्या व पहांटे निघणाऱ्या पाण्याची उष्णता, आदल्या सायंकाळीं काढलेल्या बादल्या, आणि इन्व्हर्टरवरील आंकडा दुपारीं १२ वाजतां, साडेतीन वाजतां व सूर्यास्तीं. पहिल्या आठवड्यांत आकाशाचा रकाना आम्ही विसरलों. अभ्राचे दिवस कोणते व स्वच्छ कोणते हें न कळल्यामुळें तो सबंध आठवडा रद्द करावा लागला.

प्रथम बंबाकडे पाहूं. १०० लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास ०.११६ युनिट उष्णता लागते. टांकींत २५ अंशांचें पाणी आलें तर तें ५५ अंशांवर नेण्यास साडेतीन युनिटें पुरतात. पौषांत तेंच पाणी १८ अंशांवर आलें, म्हणजे ४.३ युनिटें हवींत. ऊन तेवढेंच मिळालें तरी पाणी कमी कढत लागणार. यांत बंबाचा दोष नाहीं. परंतु मुख्य कारण बादल्यांच्या रकान्यांत सांपडलें. सायंकाळीं भांडीं व हातपाय धुण्यास सुमारें ४० लिटर पाणी काढलें जात असे. तितकेंच थंड पाणी टांकींत शिरे. ५५ अंशांच्या ६० लिटरांत १८ अंशांचें ४० लिटर मिसळलें म्हणजे ४० अंश उरतात. रात्रींच्या गारठ्यानें तेंहि उतरतें. सूनबाईंना वही दाखवितांच त्यांनीं भांड्यांचें काम दुपारच्या उन्हांत उरकण्याची व्यवस्था केली. पाणी सुधारलें, कॉइल आणावी लागली नाहीं.

आतां पॅनेल. पॅनेल थंडीनें मंदावतात हा समज चुकीचा आहे. त्यांची नोंदलेली शक्ति २५ अंश उष्णतेची असते, व त्यावर दर अंशामागें सुमारें ०.४ टक्का घट येते. म्हणून वैशाखांत पॅनेल ६० अंशांपर्यंत तापतें तेव्हां सुमारें १४ टक्के शक्ति जाते. हिंवाळ्यांत तें नुकसान कमी असतें. कमी पडतो तो दिवस. आमच्याकडे ज्येष्ठाच्या अखेरीस दिवस सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरांत ११ तासांचा असतो.

राहिली झाडाची सांवली. डिसेंबरांत ऐन मध्यान्हींहि सूर्य सुमारें ४७ अंशांवरच येतो. साडेतीन वाजतां तो २९ अंशांवर उतरतो व सांवली उंचीच्या पावणेदोनपटींहून लांब पडते. लिंबाची सांवली गच्चीवर साडेतीनच्या सुमारास पोहोंचे. तोंवर स्वच्छ दिवशीं ८ युनिटें झालेलीं असत; त्यापुढें अर्धें. सांवली नसती तर कदाचित् एक झालें असतें. म्हणजे लिंबाचा अपराध अर्ध्या युनिटाचा! परंतु सकाळच्या आंकड्यांतहि घट होती, आणि तेव्हां तर सांवली नव्हती. बोट फिरवून पाहिलें तों कच्च्या रस्त्याच्या धुळीचा थर निघाला. उजाडतां पॅनेल थंड असतांना साध्या पाण्यानें धुऊन मऊ फडक्यानें पुसलीं; त्याच आठवड्यांत स्वच्छ दिवसाचा आंकडा साडेआठांवरून दहाच्या घरांत गेला.

लाकूडतोड्यास निरोप गेला कीं, येऊं नये. अर्धें युनिट रोज जातें, हें आम्ही नाकारीत नाहीं. चैत्रवैशाखांत तोच लिंब घराची पश्चिम भिंत झांकतो, तेव्हां तें फिटतें.

ज्यांच्या गच्चीवर हीं साधनें आहेत त्यांनीं दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत अशी वही ठेवावी. एक तापमापक व रोजचीं दहा मिनिटें एवढाच खर्च आहे. नजर आणेवारीवर कोणी नवें यंत्र घेऊं नये, आणि झाडास तर मुळींच हात लावूं नये, ही आमची विनंती आहे.