दिल्लीत नातवंडांना काय दाखवाल?

सुट्ट्या जवळ आल्या की पुण्या-नाशिकच्या, इंदूर-बडोद्याच्या नातेवाइकांचे मला फोन सुरू होतात. प्रश्न एकच असतो. मुलांना घेऊन दिल्लीला येतोय, काय काय बघायचं? मी नोएडात राहतो, निवृत्तीनंतर इथेच स्थायिक झालो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणारच. आजच्या भागात त्याचं उत्तर देतो.

पहिल्यांदा काय करू नका ते सांगतो. एका दिवसात लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, राष्ट्रीय संग्रहालय आणि वर करोल बागेची खरेदी, असं करू नका. मुलं थकतात, तुम्ही चिडता, आणि घरी गेल्यावर मुलांना फक्त आइस्क्रीम आठवतं. मी स्वतः अशा सहली काढल्या आहेत. आता माझा नियम असा आहे की दिवसाला एकच मुख्य ठिकाण, जास्तीत जास्त तीन तास, आणि सगळ्या ठिकाणांना जोडणारा एकच धागा. मूल त्या धाग्याला धरून चालतं. त्याला सगळं कळलं नाही तरी चालेल, पण पुढे काय झालं हे त्याला विचारावंसं वाटलं पाहिजे.

धागा कुठलाही घ्या. कुणी कपडे घेईल, कुणी नाणी, कुणी खाणंपिणं. मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये नोकरी केली. म्हणजे सैन्याला रेशन, इंधन आणि गाड्या पुरवणारा विभाग. त्यामुळे माझा धागा ठरलेला आहे तो रसदीचा. सैनिक लढतो हे सगळे बघतात. तो जेवला का, त्याला पगार मिळाला का, हे कुणी विचारत नाही. गेल्या हिवाळ्यात माझा अकरा वर्षांचा नातू आणि सहा वर्षांची नात पुण्याहून आली होती. त्यांना मी हा धागा धरून फिरवलं. तीच सहल तुम्हाला सांगतो.

पहिला दिवस लाल किल्ला. मेट्रोच्या व्हायोलेट लाइनवर 'लाल किला' नावाचं स्टेशनच आहे, गाडी नेऊन पार्किंग शोधत बसू नका. शाहजहानने १६३९ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला १६४८ मध्ये पूर्ण झाला. आत जुन्या बराकींमध्ये २०१९ पासून चांगली संग्रहालयं झाली आहेत. एक १८५७ च्या उठावावर, एक जालियनवाला बाग आणि पहिल्या महायुद्धावर, एक नेताजी आणि आझाद हिंद सेनेवर. आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन या अधिकाऱ्यांवरचा खटला १९४५ मध्ये याच किल्ल्यात चालला, हे मुलांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ती दालनं नीट बघतात.

पण आमची गाडी अडली ती दिवाण-ए-खासमध्ये. पांढऱ्या संगमरवराचा देखणा दिवाणखाना. नातवाला मी सांगितलं की इथे मयूर सिंहासन होतं, ते नादिरशहाने १७३९ मध्ये लुटून नेलं. वर चांदीचं छत होतं.
"मग ते कुणी नेलं?" तो म्हणाला.

मंडळी, इथे मी क्षणभर घुटमळलो. उत्तर मला माहीत होतं. ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी हा किल्ला घेतला आणि ते चांदीचं छत उतरवून, वितळवून त्याचे रुपये पाडले. म्हणजे आपल्याच माणसांनी. सिंहासन नेलं ते लुटारूंनी, आणि छत नेलं ते आपल्यांनी, हे लहान मुलाला कसं सांगायचं? मनात आलं, विषय बदलावा. मग वाटलं, आज थाप मारली तर मोठेपणी तो कुठेतरी वाचेल आणि आजोबांचं बाकीचं बोलणंही खोटं समजेल.

म्हणून खरं सांगितलं, आणि कारणही सांगितलं. फौज दक्षिणेतून शेकडो कोस चालून आली होती. बरोबर लढणाऱ्यांशिवाय बाजारबुणगे होते, यात्रेकरू होते, बायकामुलं होती. उत्तरेतून जो वसूल यायचा तो येत नव्हता. शिपायांचे पगार तुंबले होते. भाऊंपुढे प्रश्न होता की उद्या या माणसांना खायला काय घालायचं. त्या चांदीने काही दिवस निभावले, फार नाही. त्याच सुमाराला भरतपूरचा सूरजमल जाट भाऊंची साथ सोडून निघून गेला. त्याच्या नाराजीला इतर कारणंही होती, पण या भागातला इतका मोठा मित्र गेला म्हणजे धान्य पुरवू शकणारा मोठा आधारच गेला. नातवाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पुढे काय झालं?" मी म्हटलं, ते बघायला उद्या पानिपतला जाऊ.

दुसरा दिवस पानिपत. पानिपत जिल्हा एनसीआरमध्येच येतो हे पुष्कळांना माहीत नसतं. दिल्लीहून नव्वद किलोमीटरच्या आसपास, रेल्वेने साधारण दीड तास. डिसेंबर-जानेवारीत दाट धुकं असतं, तेव्हा पहाटे महामार्गावर गाडी काढू नका. ऊन पडल्यावर निघा. ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी-मार्च सगळ्यात चांगला. गावातल्या संग्रहालयात १५२६, १५५६ आणि १७६१ या तिन्ही लढायांची माहिती मिळते. ते आधी बघा आणि मग शहराबाहेर काला आंबच्या स्मारकाला जा. दरवर्षी १४ जानेवारीला तिथे कार्यक्रम होतो, महाराष्ट्रातूनही लोक येतात. इतर दिवशी शांतता असते.

तिथे बाकावर बसून मी जमिनीवर काडीने नकाशा काढला. इथे दिल्ली, इथे यमुना, इथे पानिपत. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी उत्तरेला कुंजपुरा जिंकलं, तिथे धान्याचा मोठा साठा मिळाला. पण तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून आला आणि मराठे व दिल्ली यांच्या मधोमध उभा राहिला. एका झटक्यात रसदीची वाट तुटली. अब्दालीला मात्र नजीबखान आणि रोहिल्यांच्या मुलखातून धान्य येत होतं. त्याची रसद मारायला गेलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. अडीच महिने मराठे पानिपतात अडकून पडले. जनावरं मेली, माणसं उपाशी राहिली. अखेर १४ जानेवारी १७६१ ला ते उपाशीपोटी मरायचं तर लढून मरू म्हणून बाहेर पडले.

आपण 'पानिपत झालं' असं सहज म्हणतो. क्रिकेटची मॅच हरली तरी म्हणतो. पण तोफा, गारदी, विश्वासरावांना लागलेली गोळी, या सगळ्याच्या आधी ते रिकामं पोट होतं, हे माझ्यासारख्या रेशनवाल्याला चटकन दिसतं. आणि मुलांना शेवटी एक गोष्ट जरूर सांगा. जीव वाचवून पळालेली उपाशी, उघडी माणसं भरतपूरच्या मुलखात पोचली तेव्हा सूरजमलने त्यांना अन्न दिलं, कपडे दिले, पुढे जायची सोय केली. जो साथ सोडून गेला होता त्यानेच. माझी नात तोवर शेंगदाण्याची चिक्की खात होती. तिने उरलेली अर्धी भावाला दिली. तिला काय समजलं ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळ नातीची होती. मोठ्यांचा इतिहास तिने दोन दिवस सहन केला होता! चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये सुरू झालं. उघड्या मैदानात इंजिनं आणि डबे उभे आहेत, मुलांना बसायला छोटी आगगाडी आहे. पतियाळा संस्थानाची एकरुळी गाडी चुकवू नका. जवळजवळ सगळं वजन एका रुळावर, आणि तोल सांभाळायला बाजूला रस्त्यावरून फिरणारं मोठं चाक. सुरुवातीला ती खेचरं ओढत, वाफेचं इंजिन नंतर आलं. आणि मुंबई-पुण्याच्या मंडळींनी 'सर लेस्ली विल्सन' हे विजेचं इंजिन शोधून काढावं. हे मालगाडीचं इंजिन आपल्या घाटातलं, ज्याला 'खेकडा' म्हणत त्या जातीचं. नातवाला मी म्हटलं, भाऊंच्या वेळी हजार बैल जे धान्य महिनाभर वाहत, ते हे यंत्र एका दिवसात घाट चढवून द्यायचं.

संध्याकाळी राष्ट्रीय युद्ध स्मारक. इंडिया गेटजवळ आहे, प्रवेश मोफत, सगळे दिवस उघडं. २५ फेब्रुवारी २०१९ ला त्याचं लोकार्पण झालं. एकात एक अशी चार वर्तुळं आहेत, अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र आणि रक्षक चक्र. त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या विटांवर पंचवीस हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत. शेजारी परमवीर चक्राच्या मानकऱ्यांचे पुतळे आहेत. त्यांत आपले रामा राघोबा राणे बघा. बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. एप्रिल १९४८ मध्ये जखमी असताना त्यांनी राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना रस्ता मोकळा करून दिला. वाट उघडी ठेवणं हीसुद्धा लढाईच, हे नातवाला तोवर पटलं होतं.

मग मी त्याला एका विटेपाशी नेलं. ते नाव इथे सांगत नाही. सातारा जिल्ह्यातला ड्रायव्हर होता, माझ्या तुकडीतला. १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी श्रीनगर-लेह रस्त्यावर द्रासच्या बाजूला तोफांचा मारा चालायचा. आमच्या गाड्या रात्री दिवे बंद करून जायच्या. पीठ, डाळ, रॉकेल, दारूगोळा. एका रात्री तो परतला नाही.

नातवाने विटेवर हात ठेवला आणि विचारलं, "आजोबा, त्यांना तुम्हीच पाठवलं होतं का?"

पंचवीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. घरातही नाही. मी म्हटलं, हो. त्या रात्रीच्या यादीवर सही माझी होती. वर पोरं होती, त्यांना खायला पोचवायचं होतं. मी भाऊंच्या छताची गोष्ट खरी सांगितली, तर ही खोटी कशी सांगणार?

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने माझा हात धरला. तिथे रोज संध्याकाळी एखाद्या हुतात्म्याच्या घरच्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहिलं जातं. त्या दिवशी एक म्हातारी आई होती. आम्ही तिघं मागे सावधान उभे राहिलो. सहा वर्षांची नातसुद्धा.

तर मंडळी, थोडक्यात लक्षात ठेवा. लाल किल्ला आणि रेल्वे संग्रहालय सोमवारी बंद असतात, तो दिवस युद्ध स्मारकाला द्या. सकाळी लवकर निघा, पाणी आणि टोपी बरोबर घ्या, जेवणाची वेळ चुकवू नका, कारण भुकेलं मूल कुठलंच संग्रहालय बघत नाही. एक धागा घरूनच ठरवून निघा. आणि मूल अवघड प्रश्न विचारेल तेव्हा विषय बदलू नका. आपल्यांनी काय केलं, का केलं, त्याचं पुढे काय झालं, सगळं सांगा. ते त्यांना झेपतं. आपल्यालाच वाटत असतं की झेपणार नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद, जय महाराष्ट्र.