विश्लेषण : भंगारातले ॲल्युमिनियम इतके मोलाचे का? उत्तर दडले आहे तीन इलेक्ट्रॉनमध्ये!

जुना कुकर किंवा खिडकीची चौकट भंगारात दिली, की लोखंडापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो. याचे एक मोठे कारण म्हणजे वीज. खनिजापासून एक किलो ॲल्युमिनियम तयार करायला साधारण १४ युनिट वीज लागते. दोन हजार वॉटचा गिझर सलग सात तास चालवावा, इतकी!

एवढी वीज कशासाठी?
बॉक्साईटपासून मिळणाऱ्या ॲल्युमिना या पांढऱ्या भुकटीत ॲल्युमिनियम आयनाच्या रूपात असते. त्याचे तीन इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे गेलेले असतात आणि ऑक्सिजन ते सहजासहजी सोडत नाही. ते परत मिळवून देण्याचे काम वीज करते.

पाण्यातून धातू का मिळत नाही?
पाण्यातील द्रावणातून वीज सोडली, तर धातूऐवजी हायड्रोजन वायू निघतो. म्हणून वितळलेले मिश्रणच लागते. घन पदार्थात आयन जागच्या जागी अडकलेले असतात. वितळल्यावर ते हलू लागतात. मात्र ॲल्युमिना सुमारे २०५० अंश सेल्सिअसला वितळते. १८८६ मध्ये अमेरिकेचे चार्ल्स हॉल आणि फ्रान्सचे पॉल हेरू यांनी स्वतंत्रपणे तोडगा शोधला. वितळलेल्या क्रायोलाईट या क्षारात ॲल्युमिना विरघळवली, की सुमारे ९६० अंशांवर काम भागते.

भट्टीत नेमके काय घडते?
सोप्या भाषेत सांगायचे तर, तळाशी असलेल्या ऋणाग्रावर ॲल्युमिनियमचा आयन तीन इलेक्ट्रॉन घेतो आणि धातू बनतो. हे क्षपण. वरच्या कार्बनच्या धनाग्रावर ऑक्सिजनचा आयन दोन इलेक्ट्रॉन सोडतो. हे ऑक्सिडीकरण. हिशेब चोख असतो : चार ॲल्युमिनियम आयनांनी १२ इलेक्ट्रॉन घेतले, की सहा ऑक्सिजन आयन तेवढेच सोडतात. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारांमधून वाहतात. मिश्रणात फिरतात ते आयन.

प्रदूषणाचे काय?
सुटलेला ऑक्सिजन धनाग्राच्या कार्बनशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड तयार करतो. त्यामुळे धनाग्र झिजते आणि काही आठवड्यांनी बदलावे लागते. शिवाय भारतात या कारखान्यांची बहुतांश वीज कोळशापासून येते.

मग भंगाराचा फायदा काय?
भंगारातल्या ॲल्युमिनियमला त्याचे तीन इलेक्ट्रॉन आधीच परत मिळालेले असतात. ते ६६० अंशांवर फक्त वितळवायचे. त्यामुळे नव्या धातूच्या तुलनेत जेमतेम पाच टक्के ऊर्जा पुरते. म्हणूनच जुना कुकर कचऱ्यात न टाकता भंगारवाल्याला देणे, म्हणजे एकदा खर्च झालेली वीज वाया जाऊ न देणे.